भावनांचं रंगकोष्टक : एक खंडन

लघुपट करायला निघालेल्या तरुणाच्या हाती आज पहिल्या काही दिवसांतच एक कोष्टक पडतं. निळा म्हणजे दुःख आणि एकटेपण, लाल म्हणजे राग किंवा वासना, पिवळा म्हणजे आनंद, हिरवा म्हणजे मत्सर नाहीतर आजारपण, नारिंगी म्हणजे माया आणि ऊब. कोष्टकापाठोपाठ कृतीही येते. कॅमेरा 'लॉग'वर ठेवून सगळं फिकट, करड्या रंगात शूट करून घ्यायचं आणि मग ग्रेडिंगला, म्हणजे रंगसंस्करणाला, बसल्यावर ज्या प्रसंगात जी भावना हवी असेल तिचा रंग चित्रावर चढवायचा. डाव्हिन्ची रिझॉल्व्हची एक आवृत्ती फुकट मिळते, रंग बदलणाऱ्या तयार सारण्या, म्हणजे 'लट', एका क्लिकवर लागतात, त्यामुळे ही कृती आता सगळीकडे पोचली आहे. कार्यशाळांमध्ये आणि स्पर्धांच्या परीक्षणातही ती गृहीत धरली जाते. मला ती मान्य नाही. रंगातून भावना पोचते, याबद्दल माझा वाद नाही. ती कोष्टकातल्या रंगामुळे पोचते आणि शेवटी वरून चढवता येते, या दोन समजुतींशी माझा वाद आहे.

खंडन करायचं तर पूर्वपक्ष आधी त्याच्या पुऱ्या बळानिशी मांडायला हवा, आणि या पूर्वपक्षाला बळ आहे. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या मानसशास्त्रीय अभ्यासात 30 देशांतल्या साडेचार हजारांहून अधिक लोकांना रंग आणि भावना यांच्या जोड्या विचारल्या होत्या. भाषा आणि भूगोल वेगळे असूनही उत्तरांत बरंच साम्य आढळलं. दुसरा आधार आपल्याच घरातला आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात सहाव्या अध्यायात प्रत्येक रसाला वर्ण नेमून दिलेला आहे. मग रंग आणि भाव यांचं नातं ठरलेलं नाही असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? तिसरा आधार तंत्राचा. कोएन बंधूंच्या 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?' (2000) या चित्रपटात छायालेखक रॉजर डीकिन्स यांनी मिसिसिपीतला उन्हाळ्यातला हिरवागार प्रदेश संगणकावर वाळल्या गवतासारखा पिवळा करून दाखवला. संपूर्ण चित्रपटाचं रंगसंस्करण डिजिटल पद्धतीने होण्याचं हे पहिलं मोठं उदाहरण मानलं जातं. चौथा मुद्दा लघुपटापुरता: पंधरा मिनिटांत रंगाचा अर्थ रुजवायला वेळच नसतो, म्हणून प्रेक्षकाला आधीच ठाऊक असलेला संकेत वापरणं भाग आहे.

अभ्यासापासून सुरुवात करतो. त्यात लोकांसमोर रंगांची नावं ठेवली होती, रंगाचे ठिपकेही नव्हते, मग चित्रपटातला शॉट तर दूरच. 'लाल' हा शब्द वाचून मनात काय येतं आणि अंधाऱ्या सभागृहात एका मुलाच्या हातातली लाल वस्तू पाहून काय वाटतं, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. शिवाय त्याच अभ्यासात लाल रंग प्रेमाशीही जोडला गेला आणि रागाशीही. एकाच रंगाच्या पोटात दोन विरुद्ध भावना असतील, तर त्यातली कोणती जागी करायची हे दुसरं काहीतरी ठरवत असलं पाहिजे. त्या दुसऱ्या गोष्टीचाच शोध दिग्दर्शकाने घ्यायचा असतो, आणि कोष्टक तिथे गप्प असतं.

नाट्यशास्त्राचा आधार घेणाऱ्यांनी तो वर्णक्रम एकदा नीट वाचावा. शृंगाराचा वर्ण श्याम, हास्याचा शुभ्र, करुणाचा कपोत म्हणजे पारव्यासारखा राखाडी, रौद्राचा लाल, वीराचा गौर, भयानकाचा काळा, बीभत्साचा निळा, अद्भुताचा पिवळा. आजच्या कोष्टकात शोकाला निळा रंग आहे. भरताकडे तोच निळा किळसेचा आहे आणि शोकाला राखाडी. दोन कोष्टकं समोरासमोर ठेवली की रौद्राचा लाल सोडता फारसं काही जुळत नाही. याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. रस कसा निष्पन्न होतो हे सांगताना भरत विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगाकडे बोट दाखवतो. त्या सूत्रात वर्णाला जागा नाही. प्रसंग काय आहे, पात्राच्या देहावर त्याचा परिणाम कसा उमटतो, मनात क्षणोक्षणी काय येतं आणि जातं, यांतून रस सिद्ध होतो. रंगभूषा आणि वेशभूषा आहार्य अभिनयात येतात. त्या अभिनयाला साथ देतात, पण एकट्याने रस उभा करण्याची जबाबदारी त्यांच्यावर कोणी टाकलेली नाही. म्हणून आपल्या परंपरेचा दाखला मला कोष्टकाच्या विरुद्ध बाजूचा वाटतो.

याच निष्कर्षावर चित्रपटाच्या बाजूने सोव्हिएत दिग्दर्शक आयझेनस्टाइन पोचला होता. रंगाला ठरलेला अर्थ असतो या कल्पनेवर त्याने सविस्तर लिहून हल्ला चढवला, आणि त्यासाठी स्वतःच्याच चित्रपटांचा पुरावा दिला. 'जुनं आणि नवं' (1929) मध्ये काळा रंग जुनाट, मागासलेल्या गोष्टींचा होता, तर पांढरा सुखाचा. 'अलेक्झांडर नेव्हस्की' (1938) मध्ये पांढरे झगे क्रूर ट्यूटॉनिक सरदारांच्या अंगावर आहेत आणि काळेपणा रशियन योद्ध्यांच्या वाट्याला आला आहे. त्याचं म्हणणं असं की कोणत्या रंगाने काय सांगायचं हा करार प्रत्येक कलाकृती स्वतः करते.

हा करार किती लवकर करता येतो हे पाहायचं असेल तर आल्बेर लामोरिसचा 'ल बालों रूज', म्हणजे 'लाल फुगा' (1956), पाहावा. लांबी 34 मिनिटं, संवाद जवळजवळ नाहीत, आणि तरी मूळ पटकथेचं ऑस्कर त्याला मिळालं. कानमध्ये लघुपटाचा सर्वोच्च सन्मानही मिळाला. पॅरिसची मेनिलमोंतां ही युद्धानंतरची जुनाट वस्ती, राखाडी भिंती, ओले फरसबंद रस्ते, करड्या कपड्यांतला एक शाळकरी मुलगा. त्याला दिव्याच्या खांबाला बांधलेला लाल फुगा सापडतो. पुढे तो फुगा कुत्र्याच्या पिल्लासारखा त्याच्या मागे येऊ लागतो. या चित्रपटात लाल रंग रागाचा नाही, धोक्याचा नाही, वासनेचा तर नाहीच. तो सवंगड्याचा आहे. राग आणि हिंसा ज्या पोरांच्या टोळीत आहे ती करड्या-तपकिरी कपड्यांत हिंडते. शेवटाकडे त्या पोरांचा नेम लागतो आणि फुगा सुरकुतत, मलूल होत खाली येतो, तेव्हा एका रबरी वस्तूसाठी घशात आवंढा येतो. हे लाल रंगाच्या अंगभूत गुणामुळे घडलं असं कोण म्हणेल? लामोरिसने सबंध वस्तीला लाल रंगापासून वंचित ठेवलं, आणि छायालेखक एदमों सेशांने त्या राखाडीपणाला इतकं शांत राखलं, की फुग्याकडे पाहण्यावाचून डोळ्याला गत्यंतर उरत नाही. दोन-चार मिनिटांत करार झाला. वेळ नसतो म्हणून तयार संकेत हवा, या चौथ्या मुद्द्याला याहून नेमकं उत्तर मला माहीत नाही.

त्याच सुमारास फ्रान्समध्येच आणखी एक लघुपट झाला. आलँ रेनेचा 'रात्र आणि धुकं' 32 मिनिटांचा आहे. नाझी छळछावण्यांची जुनी दृश्यं त्यात कृष्णधवल आहेत आणि 1955 साली रेनेने आउशवित्झमध्ये जाऊन टिपलेला वर्तमान रंगीत आहे. सुरुवातीला शांत आभाळ आणि शेत दिसतं, मग कॅमेरा खाली येतो आणि काटेरी तारा चौकटीत शिरतात. गवत हिरवं आहे, विटा लाल आहेत, कॅमेरा संथपणे सरकतो आहे. कोष्टक मानणारा इथे काय करील? तो छावणीला निळसर, गारठलेली, निष्प्राण करील. अंधार गडद करील. रेनेने गवताला हिरवंच राहू दिलं. त्या रुळांवर आता गवत उगवलं आहे आणि ते कोणत्याही कुरणातल्या गवतासारखं ताजं दिसतं, यातच भीती आहे. तो हिरवा रंग शेजारच्या कृष्णधवल दृश्यांमुळे असह्य होतो. एकटा पाहिला तर सहलीच्या छायाचित्रातला वाटेल.

आपल्याकडचं उदाहरण नागराज मंजुळे यांच्या 'पावसाचा निबंध' (2017) या लघुपटाचं. डोंगराळ भागातला मुसळधार पाऊस, डोळे निववणारी हिरवाई, शाळेत पावसावर निबंध लिहायला सांगितलेला, आणि मुलाचं घर गळतं आहे. पावसाची जी हिरवाई निबंधांत सौंदर्य म्हणून येते तीच इथे घरादाराच्या हालांभोवती पसरलेली आहे. ती हिरवाई पुसून चित्र करडं केलं असतं तर गरिबी 'दिसली' असती, पण निबंध आणि घर यांतलं अंतर बुजलं असतं.

या तीन उदाहरणांत समान काय आहे? भावना रंगात नाही, रंगाच्या शेजारात आहे. शेजार दोन प्रकारचा: चौकटीतला आणि काळातला. पहिल्याबद्दल रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल याने 1839 सालीच एक ग्रंथ लिहून ठेवला आहे. पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात तो रंगाई विभागाचा प्रमुख होता. विणलेल्या पडद्यांतला काळा रंग फिका पडतो अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने तपासलं तर रंगात खोट नव्हती. काळ्या धाग्याशेजारी निळे-जांभळे धागे आले की काळ्याची खोली कमी वाटत होती. शेजार बदलला की तोच काळा पुन्हा गडद दिसे. काळातल्या शेजाराचंही तसंच. डोळा आणि मेंदू उजेडाच्या रंगाशी जुळवून घेतात. पिवळ्या बल्बखाली बसलो तरी थोड्या वेळाने कागद पांढराच दिसू लागतो. म्हणून अंधाऱ्या सभागृहात पंधरा मिनिटांचा लघुपट सबंध निळा ठेवला, तर तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला प्रेक्षकाच्या लेखी निळेपणाची धार बोथट झालेली असते. दुःख दाखवण्यासाठी केलेला खर्च डोळा परस्पर वळता करून घेतो.

किएस्लोव्स्कीचा 'ब्लू' (1993) हा निळ्या दुःखाचा ठरलेला दाखला. पण तो मन लावून पाहिला तर दिसतं की छायालेखक स्लावोमिर इद्झियाक निळा रंग सगळीकडे पसरत नाही. काचेच्या निळ्या लोलकांचं झुंबर, पोहण्याचा तलाव, संगीताबरोबर अचानक चेहऱ्यावर येणारी निळी तिरीप, अशा मोजक्या ठिकाणी तो येतो आणि जातो. शिवाय शीर्षकातला निळा फ्रेंच ध्वजातला, स्वातंत्र्याचा. पती आणि मुलगी गमावलेल्या बाईला मिळालेलं स्वातंत्र्य हेच तिचं ओझं आहे, आणि हा गुंता 'निळा म्हणजे दुःख' या एका ओळीत मावत नाही.

आता 'ओ ब्रदर'चा तांत्रिक मुद्दा. त्या चित्रपटाचा पिवळेपणा शेवटच्या घडीला सुचलेला नव्हता. जुन्या, हाताने रंगवलेल्या पोस्टकार्डांसारखं चित्र हवं हे आधी ठरलं होतं, रासायनिक पद्धतीच्या चाचण्या घेऊन झाल्या होत्या, त्या पुऱ्या पडेनात म्हणून डिजिटल मार्ग धरला गेला. आणि तो पिवळेपणा सांगतो काय? मंदीच्या काळातला दक्षिणेकडचा रखरखीत मुलूख. म्हणजे स्थळ आणि काळ. सोडरबर्गच्या 'ट्रॅफिक'मध्ये (2000) मेक्सिको तंबाखूसारखा पिवळा आहे आणि वॉशिंग्टन-ओहायोचं कथानक निळं, तेही आपण कुठे आहोत हे कळावं म्हणून. मूकपटांच्या काळात फिल्मच्या पट्ट्या रंगात बुडवत: रात्रीला निळा, दिव्याच्या खोलीला अंबर, आगीला लाल. तिथेही रंग स्थळकाळच सांगत होता. सबंध चौकटीवर एकच छटा चढवली की ती 'कुठे' आणि 'केव्हा' हे चांगलं सांगते. तिच्याकडून 'काय वाटतं' हे वदवून घेणं ही त्यानंतरची, आणि माझ्या मते आळसातून आलेली सवय आहे.

लटचं स्वरूप पाहिलं तर हे आणखी स्पष्ट होतं. लट म्हणजे आकड्यांची एक सारणी. नेहमीच्या 33 बाय 33 बाय 33 लटमध्ये 35,937 बिंदू असतात. अमुक लाल-हिरवा-निळा आत आला तर तमुक बाहेर काढायचा, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. समोरचा हिरवा शेवाळाचा आहे की चुड्याचा, हे सारणीला कळण्याचा मार्गच नाही. मराठी प्रेक्षकाला मात्र ते पहिल्या नजरेत कळतं. नव्या नवरीच्या मनगटावरचा हिरवा चुडा कोष्टकातल्या 'आजारी' हिरव्यात ढकलणारी लट आपल्या लघुपटाला लावली तर ती कथेलाच छेद देते. त्वचेचंही तसंच. वर्ण उजळ असो की सावळा, माणसाच्या त्वचेची रंगछटा वेक्टरस्कोपवर, म्हणजे रंगछटा दाखवणाऱ्या आलेखावर, साधारण एकाच रेषेच्या आसपास पडते. फरक पडतो तो उजेडात आणि गडदपणात. गोऱ्या चेहऱ्यांवर बेतलेली टील-नारिंगी लट गव्हाळ-सावळ्या चेहऱ्यांवर चढवली की चेहरे विटकरी होतात. भावना चेहऱ्यावर वाचायची असते आणि आपण चेहराच बिघडवून बसतो.

वरून चढवण्याला साध्या गणिताचीही मर्यादा आहे. बरेच साधे कॅमेरे 8 बिटमध्ये चित्रण करतात, म्हणजे प्रत्येक रंगवाहिनीला 256 पायऱ्या. 10 बिटमध्ये 1024. लॉगमध्ये सगळं चित्र थोड्याच पायऱ्यांत दाटीने बसतं. ते 8 बिटचं असताना ओढून ताणून रंगवायला गेलं की आभाळात आणि भिंतींवर पट्टे उमटतात. आणि सगळी खोली एकाच एलईडी पॅनेलने सपाट उजळली असेल, तर खिडकीतला थंड उजेड आणि देवघरातला उबदार दिवा यांतलं अंतर नंतर कुठून आणणार? इद्झियाकने 'अ शॉर्ट फिल्म अबाउट किलिंग'साठी (1988) कॅमेऱ्यापुढे हिरवट-पिवळे फिल्टर लावले, चौकटीचे कोपरे काळोखात बुडवले, आणि वॉर्सा शहर सडल्यासारखं केलं. परतीचा रस्ता त्याने ठेवला नव्हता. ते शूटिंगच्या वेळचं धाडस होतं.

मग ग्रेडिंगचं काम काय? माझ्या मते फार मोठं, फक्त वेगळ्या ठिकाणचं. एक गोष्ट कल्पून पाहू. चाळीतल्या एका खोलीत म्हातारं जोडपं राहतं. लघुपटाच्या मध्यावर आजी जातात, आजोबा उरतात. कोष्टक म्हणेल, दुसरा अर्धा भाग निळा करा. मी म्हणेन, पहिल्या अर्ध्या भागात आजींचं हिरवं लुगडं कुठेतरी असू द्या: दोरीवर, खुर्चीच्या पाठीवर, खिडकीतून येणाऱ्या उजेडात. खोलीत दुसरी हिरवी वस्तू ठेवू नका. हे काम कलादिग्दर्शकाचं, शूटिंगच्या आधीचं. आजी गेल्यावर लुगडं नाहीसं होतं. बाकी भिंत तीच, स्टोव्ह तोच, दुपारचं ऊन तेच. आता ग्रेडिंग कामाला येतं. पहिल्या भागात त्या हिरव्याला क्वालिफायरने, म्हणजे एकच रंग वेगळा निवडणाऱ्या साधनाने, अगदी हलका उठाव द्यायचा, खिडकीबाहेरच्या झाडाची हिरवाई थोडी उतरवायची, आणि मध्यानंतर भिंतीचा आणि त्वचेचा रंग शॉटमागून शॉट जराही हलू द्यायचा नाही. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या उन्हात घेतलेले शॉट एकसारखे राखणं हे कलरिस्टच्या कौशल्यातलं सर्वांत अवघड आणि सर्वांत दुर्लक्षित अंग आहे. खोली तंतोतंत तीच राहिली तरच तिच्यातून एक रंग गेल्याचं डोळ्याला जाणवेल. वरून निळा ओतला तर सगळंच बदलतं, आणि त्या बदलात गेलेलं लुगडं दिसेनासं होतं.

या मांडणीच्या बाजूने एक अगदी व्यवहारातलं कारणही आहे. लघुपट आज बहुतेक वेळा मोबाईलवर पाहिला जातो. रात्री फोनची निळा उजेड गाळणारी सोय चालू असते आणि सगळा पडदा पिवळट झालेला असतो. कोणाचा पडदा भडक, कोणाचा फिका. महोत्सवातला प्रोजेक्टर तिसराच. विशिष्ट निळ्यावर भरवसा ठेवलेला प्रसंग या प्रवासात करडा होऊन बसतो. दोन रंगांमधलं किंवा दोन शॉटमधलं अंतर मात्र पडदा बदलला तरी बरंचसं टिकतं, कारण पडदा दोन्हींना जवळपास एकाच दिशेने ढकलतो.

म्हणून कलरिस्टकडे जाताना दिग्दर्शकाने 'हा सीन उदास करून दे' असं सांगू नये. त्यावर तो बिचारा निळ्याकडेच वळणार, कारण तुम्ही त्याला दुसरं काही दिलेलं नाही. त्याला सांगावं: अठराव्या शॉटपर्यंत लुगड्याचा हिरवा चौकटीतला सर्वांत भरलेला रंग असू दे; एकोणिसाव्यापासून भिंत आणि चेहरा आहे तसाच धर; आणि खिडकीतलं ऊन शेवटपर्यंत उबदारच राहू दे.